गोलकीपरला भेटून गेलेले लोक

"आज किती जण भेटून गेले, सर?" चपला काढता काढताच तो विचारायचा. मग दोन्ही हात काखेत दाबून माझ्या खुर्चीमागे उभा राहायचा. कीबोर्डला त्याने कधी बोट लावलं नाही.

पाटोद्यात माझं इंटरनेट कॅफे तेव्हा नवीन होतं. तीन कॉम्प्युटर आणि फोनची एक लाइन, तीही मूड असला तर चालणारी. हा माणूस गवंडी. चाळिशीचा, बोलायला कंजूष. आणि बघायचं काय, तर जर्मनीच्या एका गोलकीपरचं, चाहत्यांनी केलेलं पान! आता तुम्हीच सांगा, ज्या गावात फुटबॉल धड फुगवलेला कुणी पाहिला नाही, तिथे हे खूळ आलं कुठून? मला काही राहवेना.

एवढंच कळलं, की चहाच्या हॉटेलात त्याने टीव्हीवर एक मॅच पाहिली होती. गोलकीपरच्या हातून बॉल निसटला आणि गोल झाला.

पानाच्या तळाशी एक आकडा असायचा. पहिल्याच दिवशी मी सहज म्हणालो होतो, "एवढ्या लोकांनी भेट दिली." आम्हा कॉम्प्युटरवाल्यांची ती भाषा. त्याने सरळ अर्थ घेतला. आमच्याकडे कुणावर प्रसंग आला की लोक घरी भेटायला जातात, घोटभर चहा घेतात, गप्प बसून येतात. तशी लाखो माणसं त्या गोलकीपरकडे जाऊन आली, असं त्याला वाटलं. मी गंमत म्हणून ते तसंच चालू दिलं.

"चूक तर त्याचीच हाय. तरी बी जातेत लोक?"

"जातात की."

"शिव्या द्यायला न्हाई ना?"

मी हसलो. तो हसला नाही.

शेवटी एकदा विचारलंच, "तुम्हाला त्याची एवढी कशाला पडलीय?"

त्याने काखेतले हात बाहेर काढले. "माझ्या बी हातून निसटली, सर. वीट."

दिंद्रुडचा त्याचा जोडीदार खालून विटा फेकायचा, हा परांचीवर उभा राहून झेलायचा. पंधरा वर्षांची जोडी. एक वीट सुटली ती जोडीदाराच्याच खांद्यावर. तो हात पुन्हा वर गेला नाही.

"दोन वर्षं झाली. म्या भेटाया गेलो न्हाई. कोन्त्या तोंडानं जाऊ?"

मला माझीच लाज वाटली. खरं काय ते सांगून टाकलं. भेट म्हणजे नुसतं पान उघडणं. आपण रोज उघडतो, तेही त्यात मोजलं जातं.

तो आकड्याकडे बघत राहिला. "म्हंजी इतक्यातलं एक बी मानूस त्याच्या दारात गेलं न्हाई?"

"ते काय ठाऊक. पण हा आकडा त्यांचा नाही."

"अरारा!" म्हणाला, आणि चपला घालून निघून गेला.

पुन्हा तो कॅफेत आला नाही. माणूस दुखावला, असं धरून मी बरेच दिवस स्वतःवरच चरफडत होतो.

दिवाळीनंतर मांजरसुंब्याला एसटीची वाट बघताना तो दिसला. सोबत एक माणूस होता, उजवा हात अंगाशी धरलेला. मी ओळखलं.

"गेलतात मग?"

"गेलतो," गवंडी म्हणाला आणि खाली बघू लागला.

"काय म्हणाले हे?"

उत्तर जोडीदारानेच दिलं. "म्या काय म्हननार, सर? दोन वर्षं दाराकडं बघत बसलो. म्हनलं, इतका उशीर कामून केलास रं?"