चोविसाव्या हिश्श्याचे भावोजी

कुठलीही मोठी वस्तू लहान करून बघितल्याशिवाय ती खरोखरच आहे, यावर माझ्या भावोजींचा विश्वास बसत नाही. रस्त्यावरून ट्रक गेला की आपण म्हणतो, ट्रक गेला. भावोजी म्हणतात, "गेलो खरो, पण अजून माझ्याकडे पोचाक नाय." त्यांच्याकडे पोचणं म्हणजे चोविसाव्या हिश्श्याचा होऊन त्यांच्या काचेच्या कपाटात जाऊन बसणं. सावंतवाडीच्या एका कचेरीत त्यांनी साधी कारकुनी केली, पण मन सगळं इन्सुलीच्या घरासमोरच्या हमरस्त्यावर. नाक्यावर तपासणीसाठी गाड्यांची रांग लागायची. लोक त्या रांगेला शिव्या द्यायचे; भावोजींना वाटायचं, सरकारने आपल्या सोयीसाठीच ह्या गाड्या थांबवून ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी लेंग्यावर इस्त्रीचा शर्ट चढवून, कानाला पेन्सिल लावून आणि हातात टेप घेऊन ते रांगेत शिरत. एकदा लांबून आलेल्या एका सरदारजी ड्रायव्हरने त्यांना चाकाशी वाकलेलं पाहिलं आणि घाईघाईने कागदांची पिशवीच बाहेर काढली. "साब, ओव्हरलोड नहीं है!" भावोजींनी मानही वर केली नाही. "कागद नको. फक्त चिखलपट्टी का चौडाई बोलो." पुढे तो सरदारजी या बाजूला आला की ताईच्या हातचा चहा पिऊनच गोव्यात उतरायचा आणि कपाटातल्या आपल्या इवल्याशा ट्रकला नमस्कार करून जायचा.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. वरात नाक्याजवळ आली आणि पुढच्या गाडीतून नवरामुलगाच उतरून गेला. आम्ही घाबरलो. थोड्या वेळाने भावोजी मुंडावळ्या मागे टाकून रांगेतल्या एका ट्रककडून परत आले आणि नव्या नवरीला म्हणाले, "तेच्या केबिनीक लाकडी कोरीव काम आसा गो, बघूक येतंस?" ताई गेली नाही. तिने पुढची कित्येक वर्षं त्या कपाटाकडे बघायचंही टाळलं. तसं तिचं चुकत नव्हतं म्हणा. ट्रकच्या मागचे लाल दिवे तिच्या टिकल्यांचे, पुढची जाळी तिच्या फणीची, चाकं घरातल्या रबरी चपलांची. सावंतवाडीच्या खेळणीवाल्यांकडून ते पांगाऱ्याच्या लाकडाचे उरलेले तुकडे पिशवी भरून आणत आणि बाजारातली भाजी विसरून येत. मुंबईच्या लेकीने एकदा बापाच्या वाढदिवसाला तयार सुट्या भागांचा प्लॅस्टिकचा ट्रक पाठवला. फक्त जोडायचा होता. भावोजी दोन घास कमी जेवले. "ह्यां म्हणजे कोणीतरी फणस फोडून, गरे काढून ताटात आणून दिल्यासारखा झाला. मगे मी काय करू, नुसतो गिळू?"

चिपीला विमानतळ झाला आणि भावोजींच्या निवृत्त आयुष्याला पंख फुटले. ते जाऊन कुंपणाबाहेर कातळावर बसत आणि एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून उतरणारं विमान मोजत. एका पहारेकऱ्याने येऊन विचारलं, "काका, काय चाललंय?" भावोजींनी ऑफिसातली शुद्ध मराठी काढली. "शेपटीचा कोन पाहतो आहे. आपल्याला माहीत असल्यास सांगावा." पहारेकऱ्याने त्यांना सावलीत बसवून पाणी दिलं आणि घरी फोन लावला. ताईने फोनवर फक्त एवढंच विचारलं, "टोपी घातल्यानी आसा ना?"

विमानही चोविसाव्या हिश्श्याचंच हवं होतं. माप लहान करा म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण शेजारी ठेवल्यावर ट्रकवर अन्याय व्हायला नको, असं त्यांचं म्हणणं. परिणामी एकेक पंख हातभर लांब झाला. जेवणाचं टेबल विमानाने घेतलं आणि ताई-भावोजी खाली पाट मांडून जेवू लागले.

आणि मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

पहिल्यांदा त्यांनी गोंदाला दोष दिला. "भेसळीचो आसा. धरतच नाय." मग चष्म्याला, मग पावसाळी हवेला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की हा कंप आता सोबतच राहणार, गोळ्यांनी फारतर थोडा आवरेल. घरी आल्यावर भावोजींनी त्या अर्ध्या विमानावर जुनी चादर घातली आणि ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसले. पाठ रस्त्याकडे करून. ताईचा मला फोन आला. "तू एकदा येवन जा रे. ट्रक येतत नि जातत, हे मान फिरवून बघणत नाय. घर कसा सुना सुना वाटता."

मी गेलो. भावोजींनी हवापाण्याची चौकशी केली, आंब्यांची केली, ट्रकचं नाव नाही. आत ताई कंबरेला पदर खोचून टेबलापाशी उभी होती. तिने चादर ओढून बाजूला टाकली, एक पंख उचलला, त्याला सढळ हाताने गोंद फासला आणि दारातून ओसरीवर स्पष्ट दिसेल असा विमानाच्या पोटाला लावायला घेतला. मला त्यातलं काही कळत नाही, पण ती बाजू चुकतेय एवढं मलाही दिसत होतं. मी तोंड उघडणार तोच तिने डोळ्यांनी मला गप्प केलं.

ओसरीवर खुर्ची करकरली.

"अगो, पंख उलटो लावतंस!"

"माका काय कळता?" ताई वळलीसुद्धा नाही. "तुमी येवन सांगा."

"अशान ता विमान उडाचा नाय, जमनीत घुसात! थांब! हात लावू नको!"

भावोजी उठले. मी बाजूला झालो. त्या दुपारी त्या दोघांचं असं काही भांडण जुंपलं की चहा मलाच करावा लागला.

विमान तयार झालं ते गेल्या दिवाळीच्या सुमारास. नाक किंचित खाली झुकलेलं आहे. भावोजी म्हणतात, ते उतरण्याच्या तयारीत आहे म्हणून. मी गेलो तेव्हा शेवटचं काम चाललं होतं, खिडक्या रंगवायचं. ब्रश भावोजींच्या हातात होता आणि त्यांचा हात ताईच्या हातात. दोघांच्या नजरा एकाच इवल्याशा चौकोनावर. इतक्या वर्षांत मी त्यांना एकमेकांचा हात धरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे तशी पद्धतच नाही.

"खिडक्यो वाकड्यो झाल्यो गो," भावोजी हळूच म्हणाले.

"जावंदेत," ताई ओल्या रंगावर फुंकर घालत म्हणाली. "आतली माणसां सरळ बसली म्हणजे झाला."

भावोजींनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. मी दारातच थांबलो. मी आलोय हे दोघांनाही कळलं नव्हतं, आणि कळावं असं मलाही वाटेना.