इंदूचा फोटो निघेना

सन २०११, डिसेंबर महिना, मार्गशीर्षातली कोरडी थंडी. बोरिवलीच्या आमच्या सोसायटीतल्या दुपारच्या महिला मंडळाचे किस्से स्वयंपाकघरातल्या झाकणांसारखे साठत जातात. कोणते कोणत्या डब्याचे, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून त्या एका आठवड्याचे तेवढे क्रमाने मांडून ठेवते. आज ते ऐकून बायका हसतात. तेव्हा मला हसू आले नव्हते, हे आरंभीच सांगितलेले बरे.

*

मंडळातल्या एक सभासद वारल्या, तेव्हा हार घालायला त्यांचा धड फोटो घरात नव्हता. मुलाने मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून लावला. त्यात त्या चोरी करताना पकडल्यासारख्या दिसत होत्या! ताबडतोब ठराव झाला: प्रत्येकीने आपला फ्रेमचा फोटो हयातीतच काढून घ्यावा.

पुतण्याने नुकताच दिलेला डिजिटल कॅमेरा माझ्यापाशी होता, म्हणून काम माझ्याकडे आले. मी जुनी मॅट्रिक. माहितीपुस्तिका शब्दकोश घेऊन चाळीस पानांपर्यंत वाचली. पुढे समुद्रकिनारा, मेजवानी, आतषबाजी, हसरे चेहरे असल्या चैनीच्या प्रसंगांची पाने होती. ती अनावश्यक म्हणून सोडली. नियम मात्र घालून दिले. पाठ ताठ, पदर नीट, ओठ मिटलेले. आपण गेल्यावर भिंतीवरून वर्षानुवर्षे दात दाखवत राहणे शोभत नाही!

चौघींचे फोटो निर्विघ्न निघाले. त्या संध्याकाळी मी कॅमेरा मलमलच्या फडक्याने, एकेका बटणाच्या कडेने, दाबून दाबून स्वच्छ पुसून ठेवला.

*

पाचवी इंदू सावंत. चाळीस वर्षे बोरिवलीत काढली, तरी बोलणे अजून मालवणी. पुढच्या सोमवारी तिचे हृदयाचे ऑपरेशन ठरले होते, म्हणून तिला घाई होती. यजमान गिरणीत होते. ते अचानक गेले तेव्हा गिरणीतल्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून फ्रेम केली गेली. त्यामुळे त्यांच्या खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी पंजा तसाच राहून गेला आहे. तो कोणाचा, हे सभ्यतेपोटी आम्ही कधी विचारले नाही.

"ताई, माका अख्खो माझोच फोटो होयो," इंदू म्हणाली. "कोणाचो हात नको, पाय नको."

तिच्याच घरी, खुर्चीत ती ओठ मिटून बसली. मी बटण दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले. पडदा उजळलेला होता, इंदू त्यात स्पष्ट दिसत होती, कोपऱ्यात एक चिमुकले पिवळे हसरे तोंडही उमटले होते. ते कंपनीचे चिन्ह असावे, असे मी धरले. फोटो मात्र निघेना. अकरा वेळा दाबले!

"काल चार जणींका घेतल्यान," इंदू हळूच म्हणाली, "आणि माकाच कित्या घेणा नाय गो?"

मी कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला.

*

माझ्याबरोबर आलेली फिलोमिना आमच्यातली धीट. मूळची गोराईची, निवृत्त नर्स, आणि दर वाक्यामागे हसणारी. तिने कॅमेऱ्यातले कार्ड काढून, पुसून, परत बसवले. व्यर्थ. मग म्हणाली, "ताई, सेल गेले असतील हो! पेशंट आधी तपासायचा, मग घाबरायचं."

घरात दुसरे सेल नव्हते. इंदूच्या भिंतीवरच्या घड्याळात मात्र दोन होते. फिलोमिनाने ते काढून कॅमेऱ्यात घातले. तरीही फोटो निघाला नाही.

तेवढ्यात इंदू पाणी घेऊन बाहेर आली आणि भिंतीकडे पाहतच राहिली. पेला हातातून सुटला.

"आता घड्याळ पण थांबला?"

सेलांचा खुलासा आम्ही दोघींनी एकाच वेळी, मोठमोठ्याने केला. तिने एकही शब्द ऐकला नाही. खुर्चीत बसून म्हणाली, "कॅमेऱ्याक कळला, घड्याळाक कळला. डॉक्टराकच काय ता कळाक नाय. मी सोमवारी जावचंय नाय!"

डॉक्टरांनी बजावले होते की महिनाभरही थांबता येणार नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने कॅमेरा स्वतःच्या तोंडासमोर धरला, बत्तिशी दाखवली, आणि खटकन फोटो निघाला! पुन्हा बत्तिशी, पुन्हा फोटो!

"आजी, एकदम झकास चालतोय की! कॅमेरा नाही, तुम्हीच टेन्शनमध्ये आहात."

त्याला वाटले, ही आनंदाची बातमी आहे. मी मात्र कॅमेरा पिशवीत घालून निघाले. कॅमेरा बिघडलेला असता, तर किती बरे झाले असते!

*

शनिवारी आम्ही दोघींनी माझ्या घरी दार लावून चाचणी घेतली. आधी फिलोमिना बसली. "दात आत!" असे मी म्हणेपर्यंत खटका वाजलाही, खिदळतानाचा फोटो आला. तो मी बाद ठरवला.

मग मी बसले. पाठ ताठ, पदर नीट, ओठ मिटलेले. फिलोमिनाने बटण दाबले. पुन्हा दाबले. तिचे हसू मावळले.

"ताई, निघत नाही हो."

म्हणजे फिलोमिनाला तो घेत होता. इंदूला आणि मला घेत नव्हता.

"इंदूला हे सांगायचे नाही," मी म्हणाले. मॅट्रिकला आम्हाला तर्कशास्त्र नव्हते. असते तरी त्या खुर्चीत ते आठवले असते, असे वाटत नाही. आत गॅसवर डाळ शिजत होती. ती करपल्यावरच मी उठले.

*

रविवार उजाडला. इंदूने बॅग भरली नव्हती. मुलगा समजावून थकला होता. "आधी फोटो, मग हॉस्पिटल," एवढेच ती बोलत होती. यजमानांच्या फ्रेमखाली ती बसली, चेहरा कागदासारखा पांढरा. मी बटण दाबले. पडद्यावर ती, कोपऱ्यात ते पिवळे तोंड, आणि बाकी शांतता.

इंदूने डोळे मिटले. "असांदे. माझी पण अशीच फ्रेम करा. कोणाच्या तरी ग्रुपातून कापून."

फिलोमिनाला शांतता सोसत नाही. तिने वर पाहिले आणि भलताच प्रश्न विचारला. "इंदू, खरं सांग ना गं. तो हात कोणाचा?"

"तो? तो दळव्याचो."

"कोण दळवी?"

"गिरणीतलो दोस्त ह्यांचो. अजून धडधाकट आसा! दर वर्साक श्राद्धाक येता, वडे खाता, फोटोसमोर उभो रवता आणि डोळे मिटून नमस्कार करता." इंदूचा आवाज हलू लागला. "बावीस वर्सां झाली गो! स्वताच्याच हाताक नमस्कार करता! आणि मी मेली दर सणाक हार घालतंय... अर्धो ह्येंका, अर्धो दळव्याक!"

आणि आमची इंदू, जिला चार दिवसांत कोणी हसताना पाहिले नव्हते, ती पदर तोंडाला लावायचेही विसरून खदखदून हसली.

खट्!

मी बटणाला नव्याने हात लावलेला नव्हता. पडद्यावर इंदू होती. अख्खी, एकटी, पडलेल्या दाढेसकट. फिलोमिनाने कोपऱ्यातल्या पिवळ्या तोंडावर बोट ठेवले, मग माझ्या मिटलेल्या ओठांकडे पाहिले, आणि स्वतःची बत्तिशी दाखवली.

इंदू फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली. "दुसरा काढू का? शिस्तीत?" मी विचारले.

"नको. बॅग खय आसा ती काढा."

*

ऑपरेशन झाले. बारा दिवसांनी इंदू घरी आली, आणि प्रकरण खऱ्या अर्थाने मिटले ते त्याच दुपारी. खोकला आला तर छातीवर उशी घट्ट धरायची, आणि हसायचे तर मुळीच नाही, अशी फिलोमिनाची सक्त ताकीद होती. आम्ही दोघी उशाशी बसलो होतो.

दार वाजले. हातात शहाळे घेऊन एक वयस्कर गृहस्थ आत आले. "मी दळवी," त्यांनी आम्हा दोघींना सांगितले. प्रकृतीची चौकशी केली. मग सवयीप्रमाणे वळले, शहाळे खाली ठेवले, फ्रेमसमोर उभे राहिले, डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले.

इंदूने उशी छातीशी कवटाळली. तिचे खांदे गदगदू लागले, डोळ्यांतून धारा लागल्या.

दळवींनी मागे वळून पाहिले. "रडू नका वहिनी! सावंतांवर अजून केवढा जीव तुमचा!"

इंदूने माझा हात करकचून धरला.

"ताई, ह्येंका आधी भायर न्हेवा गो! माझे टाके तुटतले!"