रियाधच्या रानातले हाकेवाले

आमच्या शनिवारच्या टोळीची जीप परत आली की दोन गोष्टी हमखास घरी येतात, वाळू आणि किस्से. वाळू झाडून निघते. किस्से साठत चाललेत, आणि कुणी नुसतं "तुम्ही शिकारीला जाता म्हणे" असं विचारायचा अवकाश, मला आवरणं कठीण होतं.

झालं असं की, रियाधबाहेरच्या एका अभयारण्यात मोकाट गाढवं आणि भटकी कुत्री फार माजली होती. गाढवं हरणांचा चारा संपवत, कुत्री हरणांची पाडसं. कुत्र्यांवर गोळी झाडायची आणि गाढवं जिवंत धरून कुंपणात घालायची, यासाठी स्वयंसेवक शिकारी हवे होते. बंदुका अर्थात सौदी मंडळींच्या हातात. मी, पुण्याचे कुलकर्णी आणि दापोलीचे दाऊदभाई यांच्या हातात तुपाचे रिकामे डबे. आम्ही हाका घालायचा, म्हणजे डबे बडवत, ओरडत जनावरं पुढे हाकायची!

टोळीचा कप्तान फहद. हाच फहद आठवडाभर आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये दाऊदभाईंच्या हाताखाली काम शिकायचा. तो तयार झाला की खुर्ची त्याची आणि दाऊदभाईंचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास. सौदीकरण! परदेशी माणूस काढून त्याच्या जागी सौदी माणूस बसवायचा सरकारी नियम. दाऊदभाईंची मुलगी इथल्याच इंडियन स्कूलमध्ये बारावीला होती, परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर. ते फहदच्या देखतही म्हणायचे, "पोरीची बारावी तेवढी होऊ दे. मग मला हाकललानी तरी चालंल."

*

पहिल्या दिवशी हाक्याची सूत्रं दाऊदभाईंकडे होती. लहानपणी दापोलीच्या रानात त्यांनी पुष्कळ हाके घातले होते. त्यांनी शिस्तीत हुकूम सोडला की गाढवं दिसेपर्यंत सगळ्यांनी झाडीत दबा धरून बसायचं.

झाडी कुठली? चहूकडे सपाट वाळू! तरी आम्ही दबा धरून बसलो. समोर गाढवं उभी राहून आमच्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग कंटाळून निघून गेली.

*

कुलकर्णींचं जेवण एक वाजता. जग इकडचं तिकडे होवो. एकदा ऐन हाक्यात एक वाजला, आणि त्यांनी तुपाचा डबा खाली ठेवून जेवणाचा डबा उघडला. थालीपीठ होतं, भरपूर कांदा घातलेलं.

सकाळपासून आम्ही घसा फोडूनही जी गाढवं हलली नव्हती, ती चालत आली. कुलकर्णी डबा छातीशी धरून पळत सुटले, गाढवं मागे, आणि अख्खी वरात सरळ कुंपणात! पुढच्या आठवड्यात अभयारण्याच्या अधिकाऱ्याने फोन करून कुलकर्णीवहिनींना जास्तीची थालीपीठं करायला सांगितलं.

*

फहदचा नेम हा स्वतंत्र विषय आहे. एकदा कुत्र्यांची टोळी समोर आली. फहदने श्वास रोखला, बार काढला. सगळं शांत. मग फुस्स असा आवाज आला. गोळी दगडावर आपटून आमच्याच जीपच्या टायरात घुसली होती. आम्ही घामाघूम होऊन टायर बदलत होतो आणि कुत्री लांब सावलीत बसून बघत होती.

दाऊदभाई फाटक्या टायरकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "शिकार झाली. आता वाटे पाडा."

*

ऑफिसात सगळ्यांनी दाऊदभाईंना सल्ला दिला होता, जरा सावकाश शिकवा. पण या माणसाला सावकाश शिकवताच येत नव्हतं! फहदने एक विचारलं की हे दहा सांगणार. जीपमध्येसुद्धा दोन हाक्यांच्या मध्ये व्हॉल्व्ह, फ्लँज अशा पाइपांच्या सुट्या भागांच्या गप्पा. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय, म्हणून मी चिडलो, तर म्हणाले, पोरगा मनापासून विचारतो हो, खोटं कसं सांगू? मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल फार वाईटही वाटलं.

*

आणि मग परीक्षेचा दिवस उगवला. बारावीच्या नव्हे, फहदच्या. मॅनेजर स्वतः स्टोअरमध्ये आले. फहद पास झाला तर दाऊदभाईंचं तिकीट त्याच आठवड्यात निघणार होतं. दाऊदभाई भिंतीला टेकून उभे, चेहरा पांढराफटक.

मॅनेजरने टेबलावरची एक गॅस्केट, पाइपांच्या सांध्यात बसवायची गोल चकती, उचलून विचारलं, हे काय आहे?

फहदने ती उलटसुलट करून पाहिली. डोळ्याला लावून आरपार पाहिलं. मग अदबीने म्हणाला, "चहाच्या किटलीचं झाकण."

मॅनेजर लालेलाल झाले. फहदला काढून टाकणं त्यांच्या हातात नव्हतं, सौदी माणसांची संख्या आधीच कमी भरत होती. ते दाऊदभाईंवर वळले आणि ओरडले की याला उन्हाळ्यापर्यंत नीट शिकवा, तोवर इथून हलायचं नाही. दार आपटून गेले. दाऊदभाई मटकन स्टुलावर बसले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सप्लायर होता. फहदने रिसीव्हर खांद्याला दाबला, तीच गॅस्केट बोटावर गरगर फिरवत तिची साइझ, प्रेशर, मटेरियल एका दमात सांगितलं, फोन ठेवला आणि चहा आणायला गेला.