पोतं टेकवणारे नागोराव

फोन जुन्या सहकाऱ्याचा होता. "मॅडम, आपले नागोराव गेले. उमरीजवळ, गावीच..." मी आता लातूरच्या कृषी महाविद्यालयात शिकवते; तेव्हा तासावरच निघाले होते. त्या दिवशी शिकवायचं होतं वेगळंच, पण मी तासभर सोयाबीनच्या सालीबद्दलच बोलत राहिले.

नांदेडच्या एका बियाणे कंपनीत नागोराव हमाल होते. मी कृषीची पदवी घेऊन तिथल्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. एकाच रानातून आलेल्या, एकाच दिवशी उतरवलेल्या सोयाबीनच्या पोत्यांच्या दोन थप्प्या होत्या. एकीची उगवण चांगली, दुसरीची बियाण्यासाठी ठरलेल्या मर्यादेच्या खाली. ओलावा मोजला, बुरशी पाहिली, चाचणी पुन्हा पुन्हा लावली. काही हाती लागेना. पेरणी तोंडावर आलेली, आणि साहेब सगळाच माल तेलगिरणीला पाठवायच्या बेतात. शेवटी मी गोदामात जाऊन थप्प्यांकडे नुसती बघत उभी राहिले.

"मॅडम, ही थप्पी मी लावलेली," मागून नागोराव म्हणाले. "ती बाकीच्यांची."

"मग?"

"ते फेकतेत. मी टेकवतो."

त्यांनी डब्याच्या दोन झाकणांत पाणी घेतलं, दोन्हीकडचे मूठ-मूठ दाणे त्यात टाकले आणि म्हणाले, "चहा पिऊन या." परत आले तर फेकलेल्या पोत्यांतले कितीतरी दाणे सुरकुतून फुगले होते. आपटून सालीला गेलेल्या बारीक चिरांतून पाणी आत शिरलं होतं. त्यांच्या पोत्यांतले बहुतेक दाणे अजून टणक होते. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं... पण पुस्तकातून पोत्यापर्यंत मी आलेच नव्हते.

त्यांची थप्पी वाचली. पुढच्या हंगामापासून पोतं आपटायचं नाही, असा नियम निघाला. त्यावर सही माझी होती, नागोरावांचं नाव कुठंच नव्हतं. तेव्हा मला ते खटकलंही नाही.

परवा मुदखेडला गाडी बदलून त्यांच्या गावी गेले. त्यांच्या पत्नी गयाबाई ओसरीवर बसल्या होत्या. मी विचारलं, "नागोरावमामांना हे पोतं टेकवणं कुणी शिकवलं होतं?"

"कोण शिकवणार? मीच की! लग्नानंतर पयल्या साली बियाणं गाडीवरून धाडधाड फेकलं त्यांनी. मी लई वरडले, ऐकलं न्हाई. मग निम्मं रान उगवलंच न्हाई, तवा..." हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

जरा वेळानं त्या उठल्या, आतून मूठभर सोयाबीन घेऊन आल्या. "लई वाळवलं तरी बी साल तडकती. दाताखाली कळतंय. चावून बघा."

मी दाणा चावला.

"आता सांगा, बरूबर वाळलंय का?"

मला सांगता येईना. त्यांनी दुसरा दाणा माझ्या हातावर ठेवला.