मानाची जोडी

आमच्या पेशात पुरस्कार मिळत नाही, मागावा लागतो. अर्ज आपणच करायचा, आपल्या गुणांचं वर्णन आपणच करायचं आणि निवड झाली की स्टेजवर जाऊन आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा करायचा. मी पशुवैद्यक महाविद्यालयात शिकवतो. अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्य या तिन्हींत उत्तम काम करणाऱ्या प्राध्यापकाला दिला जाणारा एक पुरस्कार यंदा मला मिळाला, तोही असाच मागून. विस्तारकार्य म्हणजे प्रयोगशाळेत जे सापडलं ते शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेऊन पोचवणं. हे वाक्य मी अर्जात मोठ्या थाटात लिहिलं होतं.

माझं संशोधन बैलाच्या खांद्यावरचं. जू घासून घासून बैलाचा खांदा सुजतो, कातडं सोलवटतं आणि ऐन कोळपणीत बैल मान टाकतो. त्यासाठी मी जुवाखाली बसवायची एक मऊ गादी तयार केली. तिच्या चाचण्या झाल्या, लेख छापून आले, परिषदांतून भाषणं झाली. गादी आमच्या विभागात काचेच्या कपाटात ठेवलेली आहे. पाहुणे आले की मी कुलूप काढून दाखवतो.

परभणीत समारंभ झाला. पुरस्कार घेतल्यावर दोन शब्द बोला म्हणाले. दोन शब्दांवर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती, पण माईक हातात आला की मला चढते. मी म्हणालो, "आमच्या घरच्या बैलाच्या खांद्यावरची जखम बघून लहानपणी मला झोप लागायची नाही. आजही गावी गेलो की आधी गोठ्यात जातो, आमच्या जोडीच्या खांद्यावर हात ठेवतो आणि मगच घरात पाऊल टाकतो." कडाडून टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर डोळे पुसले. दुसऱ्या रांगेत माझी बायको बसली होती, तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

"ती जोडी तर तुम्हीच विकायला लावली ना?" घरी जाताना गाडीत ती म्हणाली. "आणि गावी गेल्यावर तुम्ही आधी चार्जर कुठं लावायचा ते विचारता."

मी तिच्यावर चिडलो, कारण ती खरं बोलत होती. आमचं गाव ताडकळसच्या बाजूला. तिथली शेती माझा थोरला भाऊ बघतो. बैल सांभाळणं आता परवडत नाही, ट्रॅक्टर घे, असं दोन वर्षांपूर्वी मीच त्याला फोनवर पटवून दिलं होतं. दादाने जोडी बाजारात नेऊन विकली. त्या दिवशी तो जेवला नाही, असं वहिनींनी नंतर सांगितलं. त्यावर मी "होईल सवय" एवढंच म्हणालो होतो.

पुढच्या रविवारी पेढे घेऊन गावी गेलो. फाट्यावर पोरांनी माझा फ्लेक्स लावला होता, हातभर फोटो आणि खाली अभिनंदनाच्या ओळी. फ्लेक्सखाली आमच्या बांधाशेजारचे आबा एक पांढरा बैल धरून उभे होते. लहानपणी त्यांच्या चिंचा पाडल्या म्हणून याच आबांनी माझा कान पिरगाळला होता. माझा फोटो बघायला थांबलेत असं वाटून मला बरं वाटलं. मी गाडीतूनच हात केला. त्यांनीही हात वर केला. एसी चालू होता, म्हणून काच खाली घेतली नाही.

पोळा जवळ आला तसा दादाचा फोन आला.

"पोरांनी तुझं भाषण मोबाईलवर समद्या गावाला ऐकवलंय. यंदा पोळ्याला पहिला मान आपल्या घरच्या जोडीला द्यायचं ठरलंय."

"दादा, आपल्याकडं जोडी कुठंय?"

"ते मला नको सांगू. गावी आलो की खांद्यावर हात ठेवतो म्हनलास ना? आता भाषणातले बैल सोड आन् वेशीत घेऊन ये."

आमच्याकडे पोळ्याला गावातले सगळे बैल सजवून वेशीजवळ आणतात. वर तोरण बांधलेलं असतं. मानाची जोडी त्याखालून गेल्याशिवाय दुसरा बैल हलत नाही. या मानावरून गावोगावी डोकी फुटली आहेत. आमच्या गावात तो मान पिढ्यान्‌पिढ्या आबांच्या घराचा.

"मग आबा काय म्हणाले?" मी विचारलं.

"आबाच म्हनले, माझी जोडी घ्या. बैल कुनाचे का असंनात, डॉक्टर तर आपला हाय."

म्हणजे गावाला सगळं माहीत होतं. आमचा गोठा रिकामा आहे, तिथे ट्रॅक्टर उभा असतो, हे शेंबड्या पोराला माहीत होतं. तरी भाषण ऐकून कोणी हसलं नाही. सगळ्यांनी मिळून माझं खोटं झाकायचं ठरवलं होतं. कोणी तोंडावर थापाड्या म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी फोनवर नुसतं "बरं" म्हणालो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले खांदे हळद-तुपाने चोळायचे आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. आम्ही आबांच्या गोठ्यात गेलो. वहिनींनी वाटी माझ्या हातात दिली, दोन-चार पोरांनी मोबाईल काढले. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," असं म्हणत मी पहिल्या बैलाचा खांदा चोळला. तो मजेत उभा राहिला. दुसऱ्या, पांढऱ्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवला तसा तो खाली दबला आणि त्याचं सगळं अंग थरथरलं.

हाताखाली टणक सूज होती. मधोमध कातडं गेलेलं, लाल, ओलं. वर्गात पडद्यावर ज्या जखमेचा फोटो मी दरवर्षी दाखवतो, तीच जखम.

"डॉक्टर, हात तसाच ठेवा, फोटो काढायलोय," एक पोरगा ओरडला.

आबा पटकन मोबाईल आणि बैल यांच्या मधे येऊन उभे राहिले. "बास झालं रे, निघा आता," म्हणून त्यांनी पोरांना पिटाळलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "उद्या झूल मोठी टाकू. कुनाला दिसनार न्हाई. तुमी काळजी करू नका."

कान पिरगाळणारे आबा मला 'तुमी' म्हणत होते. मला लाज वाटली. मी म्हणालो, "आबा, याला उद्या चालवायला नको."

"मानाला एकटा बैल जात न्हाई, जोडी लागती. आन् तुमच्या नावाचा एवढा फ्लेक्स लागलाय. आता न्हाई म्हनलं तर लोक काय म्हनतील तुमाला?"

माझ्या गाडीच्या डिक्कीत गावाला दाखवायला आणलेलं स्मृतिचिन्ह होतं, जखमेवर लावायला साधं मलमसुद्धा नव्हतं. दादाला ताडकळसला पाठवून औषध आणलं. जखम धुतली, मलम लावलं. तेवढं गावातल्या कुणालाही जमलं असतं.

दुसऱ्या दिवशी बैल चालणार नाही असं ठामपणे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. डोक्याला फेटा बांधून घेतला आणि वेशीत गेलो. हलगी वाजत होती. पांढऱ्या बैलावर आरशांची मोठी झूल होती, तिच्याखाली आबांनी जुनं मऊ धोतर घातलं होतं. लाऊडस्पीकरवरून पोरगा सांगत होता, "बैलाच्या खांद्याचं दुखणं मुळापासून घालवणारे आपले डॉक्टर सायेब आपल्या जोडीला घेऊन यायलेत!" मी एका हाताने कासरा धरला होता आणि दुसऱ्या हाताने झूल सरकू नये म्हणून दाबून धरली होती. लोकांना वाटलं, मी मायेने हात ठेवलाय. प्रत्येक पावलाला झुलीखालचं कातडं थरथरत होतं. तोरणाखालून जाताना मी मान वर केली नाही. बायको वहिनींजवळ आरतीचं ताट घेऊन उभी होती. एरवी तिने काहीतरी टोमणा मारला असता, आज तिने माझ्याकडे बघणंच टाळलं.

सगळं उरकल्यावर जोडी गोठ्यात आणली. झूल काढली, पण खालचं धोतर जखमेला चिकटलं होतं. मी कोमट पाण्याने ते भिजवत बसलो. आबा बैलाचं तोंड धरून उभे होते, त्याला पुरणपोळीचा घास देत होते.

"आबा, मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "माझं कामच आहे हे. नुसता एक फोन करायचा."

"फोन कशाला? पेढे घेऊन तुमी यायलेत म्हनून तुमचा भाऊ सांगत होता. म्हनून तर याला घेऊन फाट्यावर येऊन थांबलो होतो, सकाळधरनं. तुमी हात करून गेलात. म्हनलं, मोठ्या मानसाला घाई आसंल."

ते हे कुरकुरत म्हणाले नाहीत. बैलाच्या गळ्यातली माळ सरळ करता करता सहज म्हणाले. मी धोतरावर पाणी ओतत राहिलो.

त्या दिवशी फाट्यावर त्यांनीही हात वर केला होता. तो मला थांबवायला केला होता.