मुहय्योआपाची चष्म्याची घाई

बुखाऱ्यात जरीकामाला मुहय्योआपासारखा हात नाही, हे मी तिची धाकटी जाऊ असून कबूल करते. म्हणजे खरंच असणार. मखमलीवर जरीचा धागा अंथरायचा आणि बारीक रेशमी टाक्यांनी पक्का करायचा, यात तिची चाळीस वर्षं गेली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता; आधी उजव्यातला काढून भिंग बसवलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "सहा आठवडे चष्मा करू नका." पण एका नवरदेवाचा झगा अर्धवट पडलेला. आपाने आठव्या दिवशीच बाजारातून चष्मा करून आणला.

"बघ, मखमलीची लव न् लव दिसतेय! डॉक्टरांचं काय जातंय, बसून राहा म्हणायला?"

पाचव्या आठवड्यात ती सुई ओवताना चाचपडू लागली. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग माझा हात धरला.

"सानोबर, चाललं गं सगळं. आईचंही असंच झालं होतं."

तिची आई शेवटची अकरा वर्षं भिंत चाचपत तंदूरपर्यंत जायची.

"काहीतरीच बोलू नकोस. दवाखान्यात चल."

"नको. ते तोंडावर सांगून टाकतील."

त्या भीतीने घर भरून गेलं. चहा ओतताना आपा पेल्यात बोट घालून बघायची. तरी रोज कामाला बसायची, आणि टाके वेडेवाकडे पडायचे. ती नमाजाला उठली की मी ते उसवून पुन्हा घालायची. तिला कळलं तर ती सुई कायमची ठेवून देईल, अशी मला धास्ती होती.

शेवटी मीच झगा गुंडाळून घेतला आणि तिला ओढत दवाखान्यात नेलं.

"डोळा छान आहे," डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या. "आतलं भिंग स्थिरावायला वेळ लागतो, तोवर नंबर सरकतो. तुमचा चष्मा पहिल्या आठवड्याच्या डोळ्याचा आहे." त्यांनी नवी काच लावून पाहिली. "आता?"

आपाने झग्याची बाही डोळ्यांसमोर धरली. टाक्यांवरून बोट फिरवलं. मी डावखुरी, माझे टाके उलट्या अंगाला झुकतात. हे मी साफ विसरले होते.

"हे माझे नाहीत. किती दिवस चाललंय?"

"नऊ," मी कसंबसं म्हणाले.

ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख द्या. या खेपेला सहा आठवडे थांबेन. तोवर काम सानोबर करेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फक्त दोरा ओढून घेत जा. सैल पडतो तुझा टाका."