पायाला दगड बांधलेलं गाव

सायकलवरून पडून माझं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा मी नगरच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात वजन लावून पाय टांगून ठेवलेला. उन्हाचा चौकोन भिंतीवरून सरकताना बघत बसायचं, एवढाच उद्योग. दुष्काळाचं साल होतं. दुपारी सगळा वॉर्ड गुंगी आल्यासारखा पडून राही.

माझ्या डावीकडच्या खाटेवर मिशनच्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. उजवीकडे तिसगावची एक तरुण बाई. आटलेल्या विहिरीत पाण्यासाठी उतरताना ती पडली होती. तिचं तान्हं मूल आदल्या वर्षी तापानं गेलं, हे डावीकडच्या बाईंनीच मला हळू आवाजात सांगितलेलं.

वेळ जाईना म्हणून मी एक गोष्ट रचायला घेतली. आभाळात तरंगणारं गाव. तिथल्या माणसांना वजनच नाही, म्हणून जन्मल्याबरोबर पायाला दगड बांधायचा. दगड सुटला की माणूस वर जातो, आणि वर गेलेला परत येत नाही.

"वजन नाही म्हटलं तर दगडालाही नसणार," बाई म्हणाल्या. "आणि तिथं हवा कुठून आली?"

मी खजील झाले. दुसऱ्या दिवशी दगड काढून लोहचुंबकाचे जोडे आणले, हवेचे नळ आणले. समजावून सांगता सांगताच दुपार संपली.

तिसगावची बाई जांभई देत म्हणाली, "ताई, कालचं दगडाचं गावच बरं हुतं."

बाईही हसल्या. "असू देत दगड."

गाव पुन्हा तरंगू लागलं. तिथं वाळत घातलेली लुगडी वरच्या दिशेला लोंबायची. बायका घागरी उपड्या धरून ढगातलं पाणी भरायच्या. आम्ही तिघी त्या गावातच राहू लागलो जणू.

एका दुपारी बोलण्याच्या ओघात गोष्टीतल्या एका पोराचा दगड सुटला. पोर वर वर जाऊ लागलं. उजवीकडची बाई उशीवरून मान उचलून माझ्याकडे बघू लागली. घाईघाईनं मी म्हणाले, "पण आईनं पतंगाचा दोरा फेकला, आणि त्याला खाली..."

"न्हाई," ती म्हणाली. "वर गेलेलं परत येत न्हाई, तुमीच सांगितलं हुतं. आता खाली आणलं तर समदंच खोटं हुईल."

"मग काय करू?"

"वर त्याला काय दिसतं, ते सांगा."

तेव्हा बाई छताकडे बघत बोलू लागल्या. "वर हवा विरळ होत जाते. आभाळ गडद निळं होतं, मग काळं. तारे लुकलुकत नाहीत. नुसते शांत तेवत राहतात."

"भर दिवसा?"

"भर दिवसा."

"मग भ्या न्हाई वाटायचं त्याला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

गोष्ट मी तिथंच थांबवली. चहा येईपर्यंत ती पहिल्यांदाच आपल्या मुलाबद्दल बोलली. कोंबडी दिसली की तो कसा खिदळायचा, टाळूवर तेल घालताना मान कशी वळवायचा. बाई आणि मी ऐकत राहिलो.